दान वेगळें, देणें वेगळें : शेंद्र्याचे कारखाने आणि भोंवतालचीं गांवें

गेल्या वैशाखांत शेंद्र्याच्या पंचक्रोशींतील एका गांवीं जाण्याचा आम्हांस योग आला. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर सभा भरली होती. एका मोठ्या कारखान्याचे दोन अधिकारी आले होते आणि ‘गांवासाठीं कंपनीनें काय करावें तें सांगा,’ असें ते मोठ्या अदबीनें विचारीत होते. कोणी शाळेला रंग मागितला, कोणी सभामंडप, कोणी स्मशानभूमीवर पत्रे, तर कोणी पाणी शुद्ध करण्याचें यंत्र. अधिकाऱ्यांनीं साऱ्या मागण्या वहींत टिपून घेतल्या. इतक्यांत भिंतीला टेकून बसलेले एक वृद्ध शेतकरी उठले व म्हणाले, “साहेब, यंत्र द्या, आमची ना नाहीं. पण विहिरीचें पाणी यंत्रांत घातल्यावांचून पितां येत नाहीं, असें कां झालें, तें आधीं सांगा.” सभा क्षणभर गप्प झाली. मग अधिकाऱ्यांपैकीं एकानें उत्तर दिलें कीं, तो विषय आमच्या खात्याचा नाहीं.

हें उत्तर त्या अधिकाऱ्यापुरतें खरेंच होतें. परंतु त्यांतच आजच्या लेखाचा सारा विषय सांठविलेला आहे. कंपन्यांच्या या कामाला ‘सामाजिक उत्तरदायित्व’ असें नांव आहे, आणि ‘सीएसआर’ या आद्याक्षरांनीं तें आतां खेड्यांतूनही ओळखलें जातें. त्याच्या जोडीला ‘शाश्वतता’ हा दुसरा शब्द परदेशी व्यापारांत रूढ झाला आहे. शब्द नवे असले तरी कल्पना नवी नाहीं. यंदाचें पीक घेतांना पुढच्या सालची जमीन खाऊं नये, हें बेवड राखणारा प्रत्येक कुणबी जाणतो. प्रश्न एवढाच आहे कीं, कारखाना गांवाला जें देतो तें दान किती आणि तो गांवाचें जें लागतो तें देणें किती. या दोन रकमा एकाच खात्यांत मांडल्या जातात, तेथें शेतकऱ्याची फसगत होते.

शेंद्र्याचा पालट

छत्रपति संभाजीनगराहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेंद्रा लागतें. चैत्रांतल्या मांगीरबाबाच्या यात्रेमुळें हें नांव मराठवाड्यांत पूर्वापार परिचयाचें आहे. भोंवतालच्या शिवारांत ज्वारी, बाजरी, तूर आणि कपाशी हींच मुख्य पिकें. पुढें औद्योगिक विकास महामंडळानें येथें वसाहत आंखली, आणि २००१ सालीं झेक देशांतील स्कोडा कंपनीच्या मोटारी शेंद्र्यांत जुळूं लागल्या. ही कंपनी जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहापैकीं आहे. याच समूहाच्या ऑडी मोटारीही पुढें येथेंच जुळूं लागल्या. २०१५ सालीं पर्किन्स कंपनीचा इंजिनांचा कारखाना निघाला. त्यानंतर दिल्ली–मुंबई औद्योगिक पट्ट्यांत शेंद्रा आणि बिडकीन मिळून ‘ऑरिक’ नांवाची सुमारें दहा हजार एकरांची उद्योगनगरी आंखण्यांत आली. दक्षिण कोरियाची ह्योसंग कंपनी तेथें ताणल्या जाणाऱ्या कापडाचा धागा काढते.

या पालटानें कित्येक घरांत पगार आले, मुलें शिकलीं, रस्ते झाले. तें नाकारणें कृतघ्नपणाचें होईल. परंतु ज्या जमिनीचा मोबदला एकदां मिळाला, ती जमीन पुन्हां पिकणार नाहीं. आणि जी जमीन शेतकऱ्याकडे उरली, तिचें पाणी व हवा कारखान्याशीं सामाईक झाली. शेजार असा कायमचा जडल्यावर व्यवहार चोख असला पाहिजे.

कायदा काय सांगतो

आपल्या देशांत कंपनी कायदा २०१३ याच्या १३५ व्या कलमानें हें सामाजिक कर्तव्य १ एप्रिल २०१४ पासून सक्तीचें झालें. ज्या कंपनीची मागील वर्षाची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून अधिक असेल, तिनें मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के या कामीं खर्च करावे, असा नियम आहे. समजा, एखाद्या कंपनीचा नफा तीन वर्षांत ८०, १०० व १२० कोटी झाला. सरासरी १०० कोटी, म्हणून खर्चाची रक्कम २ कोटी. कंपनी परदेशी मालकीची असो वा देशी, येथें नोंदलेली असली कीं हा नियम तिला लागूं आहे.

शेतकऱ्यांनीं यांतील तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली ही कीं, कंपनीनें जेथें तिचें काम चालतें त्या भोंवतालच्या भागाला प्राधान्य द्यावें, असें त्या कलमांत म्हटलें आहे. मात्र अमुक गांवाला अमुक वांटा, असा हक्क त्यांत लिहिलेला नाहीं. म्हणून न मागणाऱ्या गांवाच्या पदरीं कांहींच न पडतां सारी रक्कम दूरच्या शहरांत खर्च होऊं शकते.

दुसरी गोष्ट, २०२१ सालापासून नियम कडक झाले आहेत. चालू कामासाठीं ठेवलेली रक्कम वर्ष संपल्यावर उरली, तर ती तीस दिवसांच्या आंत वेगळ्या खात्यांत भरून तीन वर्षांत खर्च करावी लागते. ज्या कंपनीची या कर्तव्याची सरासरी रक्कम दहा कोटी वा अधिक आहे, तिनें एक कोटी वा त्यावरील खर्चाच्या कामाचा परिणाम तिऱ्हाइताकडून तपासून घ्यावा लागतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दुसऱ्या कोणत्याही कायद्यानें जें करणें कंपनीला भागच आहे, तें या दोन टक्क्यांत धरतां येत नाहीं. तिच्या नेहमींच्या धंद्याचें कामही धरतां येत नाहीं. आपलें सांडपाणी शुद्ध करणें, धूर आवरणें, मजुरांना कायद्याप्रमाणें वेतन देणें, हीं देणीं होत. तीं दान नव्हत. सभेंतल्या त्या वृद्ध गृहस्थांचा प्रश्न देण्याचा होता आणि उत्तर देणारे दानाच्या खात्याचे होते. कायद्यानेंच हीं दोन खातीं वेगळीं केलीं आहेत. गांवानेंही तीं वेगळींच ठेवावीं.

पाण्याचा हिशेब

देण्यांत सर्वांत मोठें देणें पाण्याचें. पैठणचा नाथसागर १९७६ सालीं पुरा झाला तो मुख्यतः शेतीच्या सिंचनासाठीं. आज छत्रपति संभाजीनगर शहर, वाळूज व शेंद्र्याच्या वसाहती आणि कालव्याखालील शेतकरी हे सर्व त्याच जलाशयाकडे पाहतात. राज्याच्या २००३ सालच्या जलनीतींत पिण्याच्या पाण्यामागें उद्योग व त्यामागें शेती, असा क्रम लावला होता. २०११ सालीं तो बदलून शेतीला दुसरें स्थान देण्यांत आलें. कागदावरचा क्रम असा सुधारला. पण त्याची खरी परीक्षा अवर्षणांत होते.

ती परीक्षा २०१६ च्या उन्हाळ्यांत झाली. त्या साली लातूरला मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें. जायकवाडीचा उपयुक्त सांठा संपला होता. तरीही मद्याचे व बियरचे कारखाने पाणी घेतच होते. अखेर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढें गेलें. न्यायालयानें त्या कारखान्यांचें पाणी मे महिन्यापासून ६० टक्क्यांनीं कमी करण्याचा हुकूम दिला आणि इतर कारखान्यांच्या पाण्यालाही कात्री लावली. त्या वर्षींही कंपन्यांचीं सामाजिक कामें चालूं होतीं. कोठें टँकर दिले गेले, कोठें टांक्या बसविल्या गेल्या. त्या कामांचें मोल कमी नाहीं. पण एका हातानें टँकर देणाऱ्याच्या दुसऱ्या हाताला नळ किती मोठा आहे, हें विचारण्यास न्यायालयापर्यंत जावें लागलें, ही गोष्ट शेतकऱ्यांनीं विसरूं नये.

हा हिशेब आपल्या मापांत कसा करावा, तें सांगतों. एक एकरावर एक इंच पाणी उभें केलें तर तें सुमारें १ लाख ३ हजार लिटर भरतें. एखादा कारखाना रोज १० लाख लिटर पाणी घेतो असें धरूं. वर्षाचें पाणी सुमारें ३५५० एकर-इंच झालें. गव्हाला १६ इंच पाणी धरल्यास त्यांत सुमारें २२० एकर गहूं निघेल. हा आंकडा कारखान्याच्या दारावर लिहिण्यासारखा आहे. पण न्यायानें बोलावयाचें तर दुसराही आंकडा सांगितला पाहिजे. उसाला ८० इंच धरल्यास तेंच पाणी अवघ्या ४४ एकर उसाला पुरतें. मराठवाड्यासारख्या प्रदेशांत पाटानें ऊंस भिजविणाऱ्यानें कारखान्याकडे बोट दाखवितांना आपल्या बांधाकडेही पहावें.

वरचा थर आणि खालचा थर

कंपन्या आपल्या शाश्वततेचे सुबक अहवाल छापतात. ते वाचावे, पण कसे वाचावे, हें शिकविणारें एक उदाहरण शेंद्र्याच्याच सोयऱ्यांचें आहे. २०१५ च्या सप्टेंबरांत डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकानें मोटारींच्या धंद्यांत फोक्सवॅगनला पहिला क्रमांक दिला. त्याच महिन्याच्या १८ तारखेस अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें जाहीर केलें कीं, या कंपनीच्या डिझेल मोटारींत एक छुपी योजना आहे. मोटार तपासणीला लावली कीं ती योजना तें ओळखते आणि तेवढ्यापुरताच धूर स्वच्छ करते. रस्त्यावर मात्र मोटार मर्यादेच्या कितीतरी पट विषारी वायु सोडते. पुढच्याच महिन्यांत कंपनीचें नांव त्या निर्देशांकांतून काढलें गेलें.

डिसेंबर २०१५ मध्यें या समूहानें भारतांतील सुमारें ३ लाख २३ हजार मोटारी दुरुस्तीसाठीं परत बोलावल्याचें जाहीर केलें. त्यांत सुमारें ८८ हजार स्कोडा आणि ३६ हजार ऑडी होत्या. भारतीय नियमांचा आपण भंग केलेला नाहीं, असें कंपनीचें म्हणणें होतें. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें मार्च २०१९ मध्यें ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याच्या वसुलीसाठीं सक्ती करूं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें त्याच वर्षीं सांगितलें.

यांत शेंद्र्याच्या कामगारांचा कांहींएक दोष नव्हता. ती करणी फार दूरच्या कचेरींत झाली. पण शेतकऱ्याला हा प्रकार परका वाटूं नये. गाडींतल्या कापसाच्या वरच्या थराला पांढराशुभ्र कापूस आणि तळाशीं कवडी, असा व्यवहार करणारे आपल्यांतही निघतात. आणि मुरलेला व्यापारी म्हणून हात कोपरापर्यंत आंत घालून पाहतो. कंपनीच्या अहवालांतही असाच हात घालावा. किती झाडें लाविलीं हें वरच्या थरांत असतें. किती पाणी घेतलें, किती सोडलें व कोठें सोडलें, हें तळाशीं असतें.

गिऱ्हाईक दूर गेलें

पूर्वीचे कारखानदार आणि आजचे यांत एक भेद आहे, तोही समजून घ्यावा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. त्यांच्या लोखंडी नांगराचा गिऱ्हाईक शेतकरीच होता. शेजारचा शेतकरी नाराज झाला तर नांगर खपणार नाहीं, एवढा धाक पुरेसा होता. शेंद्र्याच्या कित्येक कारखान्यांचें गिऱ्हाईक आज समुद्रापलीकडे आहे. कुंभेफळच्या विहिरींत काय उतरलें, तें त्या गिऱ्हाइकाला दिसत नाहीं. कोणी लिहून कळविलें तरच तें त्याला कळेल.

सुदैवानें त्या गिऱ्हाइकांच्या देशांनींही कांहीं कायदे केले आहेत. जर्मनीचा पुरवठा-साखळीचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून अमलांत आला. आरंभीं तीन हजार वा त्याहून अधिक नोकर असलेल्या आणि २०२४ पासून एक हजार वा त्याहून अधिक नोकर असलेल्या कंपन्यांसाठीं. जमीन बिघडविणें, पाणी दूषित करणें, किंवा इतकें पाणी उपसणें कीं लोकांच्या अन्नाची व पिण्याच्या पाण्याची तूट पडेल, हीं कृत्यें त्यानें दोषांत धरलीं. आणि आपल्या धंद्यांतील व मालपुरवठादारांकडील अशा दोषांविषयीं बाहेरच्या माणसालाही तक्रार देतां येईल, अशी सोय कंपनीनें ठेवावी, असें ठरविलें. युरोपीय संघानेंही २०२४ सालीं त्याच धर्तीचा कायदा संमत केला. पण व्यापाराची ओढ तेथेंही आहे. २०२५ सालीं युरोपीय संघानें त्याच्या अंमलाची मुदत पुढें ढकलली आणि जर्मनींतही नियम सैल करण्याच्या हालचाली झाल्या. म्हणून या कायद्यांना जोडीचें हत्यार समजावें, त्यांच्यावर सारा भार टाकूं नये.

आपल्याकडे भारतीय शेअरबाजारांतील पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२–२३ पासून पाणी, ऊर्जा व कचरा यांचा ठराविक नमुन्यांत अहवाल देणें बंधनकारक झालें. परंतु परदेशी कंपनीची येथील शाखा खाजगी मर्यादित कंपनी असली, तर तिला हा नमुना लागूं नाहीं. अशा वेळीं तिच्या मूळ कंपनीचा अहवाल पहावा.

कडवंचीचा धडा

शेंद्र्याहून तोच रस्ता पुढें जालना जिल्ह्यांत जातो. तेथें कडवंची नांवाचें गांव आहे. १९९६ सालच्या सुमारास भारत–जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमांतून तेथें काम सुरू झालें. पैसा परदेशी होता, पण तो सहज मिळाला नाहीं. मोकाट चराई थांबवावी, झाडांवर कुऱ्हाड चालवूं नये, गांवानें श्रमदान करावें, अशा अटी त्या कार्यक्रमांत होत्या. गांवानें त्या पाळल्या. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध-बंदिस्ती झाली. पुढें शेतकऱ्यांनीं आपापलीं शेततळीं खोदलीं, आणि आज तें गांव द्राक्षांसाठीं प्रसिद्ध आहे.

हें कंपनीचें दान नव्हतें, हें खरें. पण त्यांतून घेण्याजोगा धडा स्पष्ट आहे. बाहेरचा पैसा दोन अटींवर टिकतो : तो जमिनीच्या व पाण्याच्या मुळाशीं घातला गेला पाहिजे, आणि त्यांत गांवाची मेहनत व शिस्त मिसळली पाहिजे. शाळेचा रंग दोन पावसाळ्यांत उडतो. बांधावर अडलेलें पाणी नातवंडांना पुरतें.

गांवानें काय करावें

आतां प्रत्यक्ष करावयाच्या गोष्टी सांगून हा लेख संपवूं.

पहिली गोष्ट, प्रत्येक गांवानें पाण्याची वही ठेवावी. निवडक दहा विहिरींची पातळी दर महिन्याच्या ठराविक तारखेस दोरीनें मोजून लिहावी. पावसाळ्यापूर्वीं व नंतर त्यांच्या पाण्याचे नमुने सरकारी प्रयोगशाळेंत तपासून घ्यावे व अहवाल जपून ठेवावे. ‘पाणी पूर्वीं गोड होतें’ हें म्हणणें कोणत्याही कचेरींत टिकत नाहीं. पांच वर्षांची वही टिकते.

दुसरी गोष्ट, कारखान्याची देणीं लेखी मागावीं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रत्येक कारखान्याला जें संमतिपत्र देतें, त्यांत पाणी किती घ्यावें, सांडपाणी किती व कोठें सोडावें, हें लिहिलेलें असतें. शिवाय कारखान्यानें दरसाल ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरणाचें विवरण मंडळास द्यावयाचें असतें. हे दोन्ही कागद माहितीच्या अधिकाराच्या २००५ सालच्या कायद्यानें मागावे आणि गांवच्या वहीशीं ताडून पहावे.

तिसरी गोष्ट, दान मागावयाचें तर ग्रामसभेच्या ठरावानें मागावें आणि पाणी, माती व शिक्षण यांसाठींच मागावें. बंधाऱ्यांतील गाळ काढणें, बांध-बंदिस्ती, ठिबकाची मदत, मुलामुलींना कारखान्यांत उपयोगी पडेल असें शिक्षण, यांना प्राधान्य द्यावें. त्या ठरावांत शेवटीं एक ओळ अवश्य लिहावी : ‘या मदतीमुळें कंपनीचें कोणतेंही कायदेशीर देणें फिटलें असें समजलें जाणार नाहीं.’

चौथी गोष्ट, येथें दाद न लागल्यास मूळ परदेशी कंपनीकडे वहीच्या नकलेसह लिहावें. रागाचें पत्र फाडलें जातें. तारखा आणि आंकडे असलेलें पत्र नोंदलें जातें.

पांचवी गोष्ट आपल्या स्वतःची. कारखान्याच्या पाण्याला माप मागणाऱ्यानें आपल्या पंपालाही माप लावावें. ऊंस घेणाऱ्यानें निदान ठिबकावर घ्यावा. आपला हात स्वच्छ असला म्हणजे दुसऱ्याच्या हिशेबावर बोट ठेवतांना तो कांपत नाहीं.

त्या सभेला परत वळूं. शुद्ध पाण्याचें यंत्र त्या गांवाला मिळेल, आणि तें घ्यावेंही. तहानलेल्यानें रुसून बसूं नये. पण आम्ही निघालों तेव्हां ते वृद्ध गृहस्थ आपल्या नातवाला शाळेची जुनी वही व सुताची दोरी घेऊन विहिरीकडे पाठवीत होते. दोरीला हातहात अंतरावर गांठी मारलेल्या होत्या. पुढच्या वर्षीं अधिकारी येतील तेव्हां त्या वहींत बारा आंकडे असतील, आणि ‘तो विषय आमच्या खात्याचा नाहीं’ असें म्हणणें त्यांना इतकें सोपें जाणार नाहीं. आमच्या प्रत्येक वाचकानें आपल्या गांवीं अशी एक दोरी व एक वही या पावसाळ्यापूर्वीं सिद्ध करावी, अशी आमची विनंति आहे.